डिस्क ठणठणीत, पण सर्व्हरला ओळख पटेना

सम तारखेला बॅकअप व्हायचा, विषम तारखेला व्हायचा नाही. सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात तीन आठवडे हे चाललं होतं. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क होत्या, एकीवर निळी टिकली, दुसरीवर लाल. सम तारखेला निळी लावायची आणि विषम तारखेला लाल, असा नियम अकाउंट्सच्या ताईंनी करून ठेवला होता, पार्किंगच्या पाटीसारखा. मी पोचलो तेव्हा त्यांचं निदानही तयार होतं. "लाल बिघडलीय हो. नवी आणा, उगाच वेळ घालवू नका."

लाल डिस्क मी माझ्या लॅपटॉपला लावली. उघडली, फाइली दिसल्या, तपासणीत एकही डाग निघाला नाही. मग तीच सर्व्हरला लावली आणि "माय कॉम्प्युटर" उघडलं. डिस्क तिथेही दिसत होती, फक्त तिच्यापुढे एफ लिहिलं होतं. रात्री दहाला चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) मात्र ई ड्राइव्ह शोधत होती. ई सापडला नाही की ती मुकाट्याने बंद पडायची.

पंधरा-एक वर्षं छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतोय. "बदलती डिस्क चालत नाही" म्हणून जेवढे फोन येतात, त्यात खरोखर मेलेली डिस्क फार कमी वेळा निघते. बहुतेक वेळा घोळ ओळखीचा असतो. आपण डिस्क टिकलीवरून ओळखतो, सर्व्हर दुसऱ्याच कशावरून ओळखतो, आणि दोघांचं जुळत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न घरच्या घरी सुटतात.

त्याआधी, एवढी अदलाबदल करायचीच कशाला? एकच मोठी डिस्क कायम लावून ठेवली तर? ठेवता येते, पण मग तो बॅकअप उरत नाही. सर्व्हरमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर ते जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जातात. आणि पुण्यात पाणी शिरायला नदीच लागते असं नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने ते दाखवलं. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मात्र मुठा नदीचंच पाणी शिरलं. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलावर, अशी ऑफिसं मी आजही बघतो. एक डिस्क सर्व्हरजवळ, एक दुसऱ्या इमारतीत आणि दोघींची अदलाबदल, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. (सीएंच्या ऑफिसाला आणखी एक कारण असतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२मध्ये बदल झाला आणि इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं आलं. आधी तिथे "ठरावीक काळाने" एवढंच होतं. नुसत्या डिस्कने हा नियम पुरा होत नाही, पण "रोज" या शब्दाची धास्ती ताईंना तिथूनच आली.)

तर ओळख. डिस्कपुढचं ई-एफ हे अक्षर, म्हणजे ड्राइव्ह लेटर, हा लॉजमधला खोली नंबर समजा. जो आला त्याला पहिली रिकामी खोली. लाल डिस्क पहिल्यांदा लावली त्या दिवशी निळी आधीच ई मध्ये मुक्कामाला होती, म्हणून लालला एफ मिळाली. विंडोज हे विसरत नाही. रजिस्ट्रीमध्ये त्याची एक वही असते, कोणत्या डिस्कला कोणती खोली दिली याची, आणि पुढच्या वेळी तीच डिस्क आली की शक्यतो तीच खोली दिली जाते. म्हणून लाल कायम एफ. ताईंच्या सम-विषम तारखांचं कोडं एवढंच होतं.

उपाय दोन मिनिटांचा. निळी लावा, विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिचं लेटर बदलून एक्स करा. निळी काढा, लाल लावा, तिलाही एक्स द्या. दोघी कधीच एकत्र लागणार नसतील तर एकच खोली दोघींना चालते. एक्सच का? कारण ई, एफ, जी ही रस्त्यालगतची दारं. कोणी पेनड्राइव्ह लावला की तो तिथेच घुसतो. एक्सपर्यंत कोणी येत नाही. यानंतर स्क्रिप्टमध्येही एक्स लिहायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सम-विषम दोन्ही तारखा बंद.

विंडोज सर्व्हरसोबत येणारा बॅकअप, म्हणजे विंडोज सर्व्हर बॅकअप, वापरत असाल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. बॅकअपसाठी आख्खी डिस्क त्याच्या हवाली केली की तो ती फॉरमॅट करतो, तिचं लेटर काढून घेतो आणि ती एक्सप्लोररमध्ये दिसेनाशी होते. लोक इथे घाबरतात, "डिस्क दिसतच नाही" म्हणून फोन करतात. न दिसणं हेच तिथे बरोबर असतं. तो डिस्कला खोली नंबरवरून ओळखत नाही, प्रत्येक डिस्कच्या कायमच्या लांबलचक ओळख क्रमांकावरून ओळखतो. आधार कार्डासारखं समजा. त्यामुळे ई-एफचा घोळ इथे होत नाही, पण दुसरा होतो: ज्या डिस्कची नोंद केलेली नाही ती कितीही नवी, कितीही चांगली असली तरी तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. बाजारातून तिसरी डिस्क आणून, तिच्यावर पिवळी टिकली लावून, मोठ्या विश्वासाने जोडली तर त्या रात्री बॅकअप होणार नाही. आधी तिला शेड्यूलमध्ये घालावं लागतं. सगळ्या डिस्क सुरुवातीलाच एकत्र जोडून नोंदवल्या तर सोपं जातं. नंतर एखादी वाढवायची तर डब्ल्यूबीॲडमिन या कमांडला आधी डिस्कची यादी विचारायची आणि मग नव्या डिस्कचा ओळख क्रमांक शेड्यूलमध्ये जोडायचा. नोंद करताना डिस्क पुसली जाते हे लक्षात ठेवा. गणपतीचे फोटो ठेवलेली घरची डिस्क तिथे देऊ नका.

डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करून "तिसरी डिस्क" तयार करणारे हुशार लोकही भेटतात. क्लोनला मूळ डिस्कचाच ओळख क्रमांक येतो. दोघी एकदम जोडल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करून ठेवतो. एका आधार क्रमांकावर दोन माणसं आली की कोणीही हेच करेल.

लिनक्सवर हीच चूक जास्त महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भोसरीतला एक कारखाना. सर्व्हर उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार), रात्री आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्राम चालायचा आणि ड्रॉइंगच्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरायच्या. डिस्क त्या फोल्डरवर माउंट केलेली. एका सकाळी फोन आला की सर्व्हर रांगतोय, कोणाला लॉगइन होत नाही. बघतो तर सर्व्हरची स्वतःची डिस्क शंभर टक्के भरलेली. कशाने भरली ते शोधत गेलो तर बॅकअपच्या फोल्डरमध्ये दोनशेच्या वर जीबी पडलेले, आणि बाहेरची डिस्क टेबलाच्या खणात.

झालं असं होतं: लिनक्समध्ये डिस्क माउंट करायची म्हणजे एका रिकाम्या फोल्डरच्या दाराशी ती उभी करायची. डिस्क असली की त्या दारातून आत टाकलेलं सगळं डिस्कवर जातं. डिस्क नसली तरी फोल्डर असतोच, दारही उघडंच असतं, फक्त आतली खोली सर्व्हरची स्वतःची. आरसिंकला यातला फरक कळत नाही. तो इमानेइतबारे रोज रात्री सर्व्हरचा बॅकअप सर्व्हरवरच घेत होता, "यशस्वी" असं लिहीत होता, आणि जागा संपली तेव्हा दोघेही एकदम बसले.

इथे तीन गोष्टी केल्या. पहिली, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच विचारायचं की या फोल्डरवर खरोखर काही माउंट झालंय का. त्यासाठी माउंटपॉइंट नावाचीच छोटी कमांड आहे. उत्तर नाही आलं तर तिथेच थांबायचं आणि मेल पाठवायची. दुसरी, डिस्क नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचॲटर कमांडने कुलूप घालायचं, मग रूट यूजरलाही (सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्यालाही) त्यात काही लिहिता येत नाही. डिस्क मात्र त्यावर नेहमीसारखी माउंट होते. तिसरी, कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये डिस्कचं नाव एसडीबी, एसडीसी असं लिहिलेलं होतं ते काढलं. ही नावंही खोली नंबरच. आज जी एसडीबी ती उद्या एसडीसी. त्याऐवजी अदलाबदलीच्या दोन्ही डिस्कना एकच लेबल, म्हणजे आपण ठेवलेलं नाव, दिलं आणि माउंट लेबलवरून केलं. सोबत "नोफेल" हा शब्द. तो नसला आणि सर्व्हर सुरू होताना डिस्क जोडलेली नसली, तर बूट होताना सर्व्हर दीड मिनिट तिची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. गणपतीच्या सुट्टीत हे होऊ देऊ नका.

आरसिंकमध्ये "डिलीट" हा पर्याय वापरत असाल तर उलटा अपघातही होऊ शकतो. मूळ फोल्डर काही कारणाने रिकामा दिसला, तर "इथे काही नाही, मग तिथेही नको" म्हणून तो बॅकअप पुसून टाकतो. स्क्रिप्टमध्ये मूळ बाजूही तपासा.

ओळख बरोबर आहे आणि तरीही डिस्क दिसत नाही, किंवा येते आणि जाते? मग केबल. आधी केबल, नंतर केबल, आणि मग वीज. रोज काढ-घाल केल्यावर सगळ्यात आधी झिजतो तो जोड, डिस्क नंतर. संगणकाच्या आत डिस्क ज्याला लावतात तो साधा साटा जोड पन्नास वेळा काढ-घाल करण्यापुरता बनवलेला असतो, बाहेरचा ई-साटा पाच हजार वेळा. कोणी जुनी डिस्क उघडी करून रोज साटा केबलने लावत असेल तर पन्नास दिवस पुरे होतातच.

छोट्या डिस्कवर जो रुंद, दोन खणांचा यूएसबी ३चा पोर्ट असतो, त्याच्या मोठ्या खणात मोबाइल चार्जरची जुनी मायक्रो यूएसबी केबल बरोबर बसते. बसते, आणि चालतेही, हाच घोटाळा. एका ऑफिसात मूळ केबल हरवली म्हणून शिपाईमामांनी चार्जरची लावली. बॅकअप होत राहिला, फक्त सकाळी लोक कामाला आले तरी संपलेला नसायचा. ती केबल यूएसबी २च्याच वेगाने चालते. कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास. ४०० जीबी लिहायला तीन तासांच्या वर. तीच डिस्क धड यूएसबी ३ केबलने निळ्या जिभेच्या पोर्टात लावली तर सेकंदाला १२० मेगाबाइट सहज मिळतात, म्हणजे तासाभरात काम. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, केबल घेताना दुकानदाराला डिस्क दाखवा, "यूएसबी केबल द्या" एवढं सांगून येऊ नका. आणि लावताना एका दमात घट्ट लावा. हळूहळू सरकवली तर कधी कधी यूएसबी २चे टोक आधी टेकतात आणि सर्व्हर त्यावरच समाधान मानतो.

वीज. अडीच इंची छोटी डिस्क यूएसबीवरूनच वीज घेते. यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, यूएसबी ३चा ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात किंवा स्वस्त हबमध्ये लावली की डिस्क फिरायला लागते आणि पुरेशी वीज मिळत नाही म्हणून थांबते. कान लावला तर टिक, घूं, टिक असं ऐकू येतं. मागच्या पोर्टात थेट लावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला बारा व्होल्टचा स्वतंत्र ॲडॉप्टर असतो, आणि इथे ऑफिसातलं जुनं पाप आडवं येतं: राउटरचा ॲडॉप्टरही बऱ्याचदा बारा व्होल्टचाच, पिनही तीच, पण करंट निम्माच. सफाईच्या दिवशी दोघांची अदलाबदल होते. राउटर मजेत चालतो, डिस्क उठून बसते आणि पुन्हा आडवी होते. ॲडॉप्टरवर डिस्कचं नाव लिहून चिकटपट्टी लावा.

केबल की डिस्क, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. त्यात भरपूर आकडे असतात, तुम्ही तीनच बघा. १९९ क्रमांकाची ओळ वाढत असेल तर डेटा वाटेत बिघडतोय. बाहेरच्या डिस्कच्या बाबतीत हा आकडा तिच्या खोक्यातल्या आतल्या जोडाबद्दल बोलतो, म्हणून दुसऱ्या खोक्यात बसवून बघा. ५ आणि १९७ शून्याच्या वर असतील आणि दर आठवड्याला चढत असतील तर डिस्क खरोखर निघाली. अशा डिस्कवर विंडोजच्या चेकडिस्कची लांबलचक दुरुस्ती चालवू नका. तिच्यात जे धाप टाकत उरलंय ते त्या रात्रीत संपतं. आधी हवं ते कॉपी करून घ्या.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, हाही बोलका असतो, फक्त त्याला विचारावं लागतं. सिस्टिम लॉगमध्ये डिस्क या नावापुढे ७ दिसला तर खराब ब्लॉक, ११ दिसला तर कंट्रोलर किंवा केबलकडे बघा, १५३ म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतंय, १५७ म्हणजे कोणीतरी डिस्क न विचारता उपटली.

उपटण्यावरून. "सेफली रिमूव्ह" म्हटलं की "डिव्हाइस वापरात आहे" असं उत्तर येतं, आणि आपण दोन वेळा दाबून, वैतागून केबल ओढतो. डिस्क धरून बसणारे नेहमीचे तिघे असतात: अँटीव्हायरस, सर्चचं इंडेक्सिंग, आणि कुठेतरी उघडं राहिलेलं त्या डिस्कचं फोल्डर. पहिल्या दोघांना बॅकअपची डिस्क वगळायला सांगा, तिसरं बंद करा. तरीही सोडत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती ऑफलाइन करा आणि मग काढा. पण दुसऱ्या वेळी तीच डिस्क लावली की ती ऑफलाइनच राहते, तेव्हा हाताने ऑनलाइन करावी लागते. हे मी मागच्या वर्षी दोन ऑफिसांना सांगायचं विसरलो, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

डिस्क दिसते, ओळख पटते, केबल धड आहे, तरी पहिले काही जीबी भरभर आणि मग बैलगाडी? मग ती शिंगल्ड डिस्क असण्याची शक्यता आहे, एसएमआर म्हणतात तिला. घराच्या छपरावर कौलं एकमेकांवर चढवलेली असतात तसे तिच्यावर डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलावी लागतात. स्वस्त, मोठ्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये हा प्रकार सर्रास असतो. फोटो साठवायला ठीक आहे. रोज रात्री लाखभर छोट्या फाइली बदलणाऱ्या बॅकअपला नाही. घेताना सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) आहे का ते विचारा, दुकानदाराला माहीत नसलं तर मॉडेल नंबर घेऊन घरी येऊन बघा.

आणखी एक सापळा. एक्स्टर्नल डिस्कचं खोकं मोडलं, आतली डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घातली, आणि ती "रिकामी" दिसली. घाबरून फॉरमॅट करू नका. काही खोकी डिस्कचे सेक्टर वेगळ्या मापाने दाखवतात, काही सगळा डेटा स्वतःच एन्क्रिप्ट करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवतात. डेटा तिथेच असतो, पण तो वाचता येतो त्याच खोक्यातून.

भोसरीच्या त्याच कारखान्यात पुढे आणखी एक कोडं निघालं. दर आठवड्याला बुधवार रात्रीचा बॅकअप गायब, आणि चुकीची एकही नोंद नाही. डिस्क, केबल, स्क्रिप्ट, सगळं चोख. शेवटी मी बुधवारी संध्याकाळी तिथेच बसून राहिलो. साडेसहाला सुपरवायझर आले, दिवे बंद केले आणि जाता जाता मेन स्विच खाली ओढला. गुरुवार हा त्या भागातल्या कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस, महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा गुरुवारचीच. यूपीएस तासभर तग धरायचा. रात्री अकराला सर्व्हरच बंद असल्यावर चूक नोंदवणार कोण? तेव्हापासून मी "बॅकअप फसला" अशी मेल लावत नाही, "बॅकअप झाला, इतके जीबी, या डिस्कवर" अशी लावतो. सकाळी मेल दिसली नाही की माणूस फोन करतो.

डिस्क घरी नेणाऱ्यांसाठी दोन शब्द. दुचाकीच्या डिकीत टाकून कात्रज ते शिवाजीनगर नेऊ नका. बंद डिस्क धक्के बऱ्यापैकी सोसते, पण मे महिन्यातली डिकी म्हणजे तवा. सॅकमध्ये, कपड्यात गुंडाळून. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या थंड डिस्कवर दमट हवेत दव धरतं, तेव्हा घरी पोचल्या पोचल्या लावू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. आणि अशिलांची बॅलन्सशीट रस्त्यावरून फिरणार असेल तर डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच हवी. त्यासाठी विंडोजचा बिटलॉकर वापरत असाल तर आपोआप उघडण्याची सोय प्रत्येक डिस्कला वेगवेगळी लावावी लागते. निळीला लावली आणि लालला विसरलात की पुन्हा सम-विषम सुरू.

ताईंच्या ऑफिसात आता एक शंभर पानी वही आहे. तारीख, कोणती डिस्क लावली, कोणी लावली, सही. महिन्यातून एकदा त्या निळ्या किंवा लाल डिस्कवरून टॅलीच्या एका कंपनीचा डेटा वेगळ्या लॅपटॉपवर परत आणून, उघडून, मार्चअखेरची ट्रायल बॅलन्स जुळते का बघतात. दुसऱ्याच महिन्यात एका कंपनीचं फोल्डर बॅकअपच्या यादीत घातलंच नव्हतं, हे त्यातूनच कळलं.

तीन-चार वर्षांनी डिस्क निवृत्त करायची वेळ येते. ती तशीच भंगारात देऊ नका, बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात कोणाच्या तरी चादरीवर दिसेल. साध्या क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये "क्लीन ऑल" दिलं की पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात, मोठ्या डिस्कला त्यात रात्र जाते. डिस्क जोडूनच घेत नसेल तर ड्रिल मशीन किंवा हातोडा. अडीच इंची डिस्कच्या आतल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, म्हणून आधी जाड फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.